घंटा थांबेनात!

"साहेब, तीन दिवसांत पेटी बसवतो," धुळाप्पा हेड वायरमननं मॅनेजरच्या टेबलावर हात आपटून सांगितलं, "आन् अशी बसवतो की, घंटा एकदा वाजाय लागल्या की मेलेलं माणूससुदिक उठून पळंल!"

पेटी खरंच तीन दिवसांत बसली. पुढचं मात्र जरा जास्तच खरं झालं!

साल चौऱ्याहत्तर. सोलापुरातल्या चंद्रोदय मिलचे दिवस फिरले होते. सूत वेळेवर येत नव्हतं, वीज वाटेल तेव्हा जायची आणि अर्धे माग गोणपाट पांघरून आजाऱ्यासारखे पडलेले असायचे. त्यात विमा कंपनीचं पत्र आलं. सूत गुंडाळायच्या नव्या वाइंडिंग खात्यात आगीच्या घंटा नाहीत. पंधरा तारखेच्या आत बसवा, नाहीतर विमा बंद. विमा बंद म्हणजे बँक हात आखडणार, बँकेनं हात आखडला की सूत बंद, आणि सूत बंद झालं की गेटला कुलूप. गेटच्या आत चारशे माणसं होती.

घंटा बसवणं अवघड नव्हतं. अवघड होतं त्यांना वाजवणं. टाइम ऑफिसातलं आगीच्या घंटांचं जुनं पॅनल आधीच म्हातारं. त्याच्या जिवावर आणखी दहा घंटा लावल्या, तेव्हा वाजायचं सोडून सगळ्या मिळून कण्हायला लागल्या. म्हणून मुंबईहून जादा पॉवरची पेटी मागवली. तिचा ट्रान्सफॉर्मर वेगळा, बॅटऱ्या वेगळ्या. पॅनलनं बारक्या वायरीवरून नुसता इशारा द्यायचा, की नव्या घंटा पेटीनं आपल्या ताकदीवर वाजवायच्या. आणि पेटीनं दुसऱ्या वायरीवरून 'मी जिवंत आहे' एवढं पॅनलला कळवत राहायचं.

पेटीबरोबर नकाशा आला होता. धुळाप्पानं तो उघडलासुद्धा नाही. "चित्र बघून वायर जोडायला मी काय बिगारीत हाय व्हय? अडोतीस वर्सं झाली. माज्या हातचा जोड आजवर सुटला न्हाई!"

हे वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा. आणि ऐकवून झालं की दर वेळी त्याच्या छातीत बारीक काहीतरी टोचायचं. कारण एक जोड सुटला होता.

चार वर्षांपूर्वी माग खात्यातली मोठी मोटर जळाली. धुळाप्पानं जंक्शन उघडून पाहिलं, तर सैल पडलेला जोड त्याच्याच हातचा होता. पण त्याच महिन्यात हेडची जागा निघायची होती. त्यानं रिपोर्टात लिहिलं, 'वायरमन चनमल्लप्पा याची हयगय.' चनमल्लप्पा म्हणजे त्याचा सख्खा साडू, बायको सिद्धम्माच्या धाकट्या बहिणीचा, नागम्माचा नवरा. त्याला आठ दिवस घरी बसवलं आणि नंतर कायमचं माग खात्यात टाकलं, त्या शंभर मागांच्या खडखडाटात. धुळाप्पा हेड झाला. त्या दिवसापासून दोघे साडू बोलत नव्हते. साखर पेठेत दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून दोन बहिणी चोरून भेटायच्या. आणि धुळाप्पाला दिवाळीत रिटायर व्हायचं होतं; दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज त्यानं साहेबांकडे दिला होता.

पंधरा तारखेला सकाळी दहाला पुण्याहून विम्याचे टिल्लूसाहेब आले. आयुष्यभर जळकी गोदामं बघून त्यांचा चेहराच राखेच्या रंगाचा झाला होता. त्यांनी पॅनल पाहिलं, पेटी पाहिली, दोन्हीकडच्या बॅटऱ्या पाहिल्या.

"वीज गेल्यावर बॅटऱ्या किती वेळ चालतील?"

"साठ तास, साहेब!" धुळाप्पा छाती काढून म्हणाला. "नव्या कोऱ्या हायेत. कायबी हू द्या, थांबायच्या न्हाईत."

टिल्लूसाहेबांनी मान हलवली आणि दोन्हीकडच्या झाकणांना शिशाचं सील ठोकलं. "आता बटणं तेवढी बाहेर आहेत. सील तुटलं की सर्टिफिकेट फाटलं. पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी. आणि बटणाला हात लावील तो फक्त परवानाधारक वायरमन."

मग त्यांनी स्वतः भिंतीवरच्या आगीच्या खटक्याची काच फोडली.

घंटा वाजल्या! जुन्या वाजल्या, नव्या वाजल्या, एकदम वाजल्या. पंख्यावर झोपलेली कबुतरं उडाली. चार मिनिटांत चारशे माणसं पटांगणात. टिल्लूसाहेबांच्या चेहऱ्यावर हसू उमटल्यासारखं झालं. त्यांनी हातानं खूण केली, थांबवा आता.

धुळाप्पानं रुबाबात पॅनलचं लाल बटण दाबलं. जुन्या घंटा गप्प झाल्या, आणि एक श्वास घ्यायच्या आत पुन्हा सुरू! त्यानं परत दाबलं. परत तेच. मग तो पटांगण ओलांडून दोनशे पावलांवरच्या पेटीकडे धावला आणि तिचं बटण दाबलं. पेटी क्षणभर थांबली, पॅनलचा आवाज ऐकल्यासारखं केलं आणि दुप्पट जोमानं बोंबलू लागली!

सात फेऱ्या झाल्या. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पायजम्याची नाडी सुटायला आलेली, तोंडाला फेस. मॅनेजर आबासाहेब काहीतरी ओरडत होते, ते त्यांचं त्यांनासुद्धा ऐकू येत नव्हतं. शेवटी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली : 'बंद करा!!!'

धुळाप्पानं मागच्या बाजूला लिहिलं : 'तेच करतोय.'

आबासाहेबांनी मेन स्विच पाडायला लावला. घंटांना त्याचं काहीच वाटलं नाही. साठ तासांच्या बॅटऱ्या!

एव्हाना घंटा सगळ्या पेठेत पोचल्या होत्या. गेटवर बायामाणसांची रीघ लागली. मिल पेटली म्हणून काही रडत होत्या, मिल बंद पडली म्हणून काही. रडणं दोन्हीकडे सारखंच. सिद्धम्मा हाताला भाकरीचं पीठ तसंच ठेवून अनवाणी आली होती. तिच्या दंडाला नागम्मा धरून होती. चारचौघांत आपलं बोलणं बंद आहे, हे दोघी पार विसरल्या होत्या.

मग बंब आला. जवानांनी आग शोधली, सापडेना. आलेल्या बंबाला रिकामं परत जायचं जिवावर आलं असावं. कँटीनच्या धुराड्यातून धूर दिसला आणि त्यांनी नळी रोखली. चारशे माणसांची आमटी, भात आणि आचारी, सगळं एका मिनिटात वाहून गेलं!

धुळाप्पा पेटीशी मटकन खाली बसला. आणि तिथं बसल्या बसल्या त्याला चूक दिसली. पेटीकडून पॅनलकडे जाणारी वायर त्यानं 'पेटी जिवंत आहे' या स्क्रूवर लावायची, ती 'घंटा वाजताहेत' या स्क्रूवर लावली होती. पॅनल वाजलं की पेटीला इशारा, पेटी वाजली की पॅनलला इशारा. एकाला गप्प करावं तर दुसरा त्याला पुन्हा उठवतो. स्क्रू सीलच्या आत, आणि वायर तोडावी तर तुटलेली वायर म्हणजे आग, असंच दोघांनाही शिकवलेलं. एकच उपाय होता, दोन्ही बटणं एकाच क्षणी दाबायची. त्याला दोन माणसं हवी होती. दोन्ही परवानाधारक.

मिलमध्ये परवाने दोघांकडेच होते.

चनमल्लप्पा पटांगणाच्या मधोमध वाळूची लाल बादली पालथी घालून वर बसला होता. पान चघळत. आजूबाजूला माग खात्यातली सगळी माणसं गोल करून उभी. धुळाप्पा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. चार वर्षांत पहिल्यांदा. त्यानं कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "चनमल्ला, पॅनलपाशी चल. संगटच बटण दाबू!"

चनमल्लप्पानं मान मागं घेतली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सावकाश, मोठे ओठ करून विचारलं, "ती मोटर कुणाच्या जोडानं जळाली?"

शब्द ऐकू आले नाहीत, पण कळले.  धुळाप्पानं गेटकडे पाहिलं. सिद्धम्मा डोळे पुसत होती. त्यानं चारशे माणसांकडे पाहिलं. उद्या कुलूप लागलं तर ही माणसं कुठं जाणार होती? मग त्याच्या मनात आलं, एवढ्या गोंगाटात आहे कोण ऐकायला? देवसुद्धा कानात बोटं घालून बसला असेल! सांगून टाकावं. ज्याला सांगायचं त्याला कळेल आणि बाकीच्यांना घंटा.

तो पुन्हा कानाकडे वाकला. चनमल्लप्पानं त्याची हनुवटी धरून तोंड समोर केलं.

"माज्या," धुळाप्पा म्हणाला. "माज्या जोडानं जळाली. मी तुजं नाव लिवलं. हेड व्हायचं हुतं मला. चार वर्सं झाली, धड झोप न्हाई."

बोलताना त्याचे डोळे भरले. चनमल्लप्पानं पान थुंकलं, उठला आणि पॅनलकडे चालू लागला. भोवतालची माणसं धुळाप्पाकडे टक लावून बघत होती. वाइंडिंगच्या सारजाबाईनं तोंडावर पदर घेतला होता. घंटांनी बिचारीचं डोकं धरलं असणार, असं त्याला वाटलं.

तीच सारजाबाई मग सुताच्या गाठींच्या हातगाडीवर चढून उभी राहिली. तिथून पॅनलही दिसत होतं आणि पेटीही. तिनं हात वर केला. हात खाली आला की दाबायचं. पहिल्या वेळी तिला शिंक आली आणि धुळाप्पानं आधीच दाबलं. दुसऱ्या वेळी हात सरळ खाली आला.

दोन बटणं. एक क्षण.

घंटा थांबल्या.

अशी शांतता सोलापुरात कुणी ऐकली नसेल! कँटीनच्या पायरीवरून आमटी ठिबकत होती, तेवढा आवाज.

टिल्लूसाहेबांनी कानातले कापसाचे बोळे काढले, सील तपासलं आणि लिहिलं : 'घंटांचा आवाज समाधानकारक. परतीच्या वायरीची जोडणी सील काढून दोन दिवसांत दुरुस्त करून कळवावे.' आणि सही केली. आबासाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. मिल वाचली.

धुळाप्पाला वाटलं, आपणही वाचलो. तेवढ्यात आबासाहेबांनी त्याला बाजूला बोलावलं.

"धुळाप्पा, ते मोटरचं काय म्हणत होतास मघाशी?"

"कसली मोटर, साहेब?" धुळाप्पा टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला. "त्या घंटांत तुमाला कसं ऐकू..."

"ऐकू कशाला यायला पाहिजे?" आबासाहेब म्हणाले. "मला या मिलमध्ये येऊन वर्षच झालं असेल, पण पंधरा वर्षं मागांवर काढली आहेत. तिथं कोण कानानं ऐकतं? सगळे ओठ वाचतात."

 माग खात्यातली माणसं तोंडं हलवतात, हे धुळाप्पानं लांबून पाहिलं होतं. त्याला तो माकडचाळा वाटायचा. मोटर बंद पडल्याशिवाय तो त्या खात्यात पाऊल टाकत नसे. त्यानं वळून पटांगणाकडे पाहिलं. चारशे माणसांनी एकदम नजरा खाली घातल्या.

"तुझी मुदतवाढ विसर," आबासाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "दिवाळीपर्यंत काम कर. उद्यापासून हेड चनमल्लप्पा. ती वायर त्याच्या देखरेखीखाली बदल."

सुट्टी झाल्यावर धुळाप्पा गेटबाहेर आला. सिद्धम्मा, नागम्मा आणि चनमल्लप्पा लिंबाखाली उभे होते.  धुळाप्पाच आधी म्हणाला, "सगळ्यांना कळलं आज. चार वर्सं दडवून ठिवलं हुतं."

नागम्मा बहिणीकडे बघायला लागली. सिद्धम्मा पदराशी चाळा करत म्हणाली, "अवो, आज कुटलं? समद्यांना कवाच ठावं हाय की."

"कवा?"

"मोटर जळाली त्याच दिवशी," चनमल्लप्पा म्हणाला. "तुमी जंक्शन उघडलं आन् सोताशीच म्हनला, 'शिवा शिवा, ह्यो तर माजाच जोड!' एक मोटर बंद हुती, अण्णा. बाकीचे माग चालूच हुते. ऐंशी मानसं तुमच्या तोंडाकडं बघत हुती."

धुळाप्पा लिंबाच्या बुंध्याला टेकला. मग ते रात्रीचं जागणं, ते साडू दिसला की गल्ली बदलणं, ते सगळं? सगळ्या मिलला ठाऊक असलेली गोष्ट तो एकटाच जिवापाड सांभाळत होता!

"मंग आज परत कशाला म्हनायला लावलंस?" त्यानं खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"तवा तुमी सोताला म्हनला हुता," चनमल्लप्पा म्हणाला. "मला कुटं म्हनला हुता?"

 चौघं साखर पेठेकडे चालू लागले. पुढं दोघी बहिणी बोलत, मागं दोघं साडू, जोडीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या हेडच्या देखरेखीखाली जुना हेड पेटीपुढे उकिडवा बसला. नकाशा समोर उलगडून ठेवला होता. सील काढून त्यानं आत डोकावलं, चुकीचा स्क्रू पाहिला आणि सवयीनं मनाशी काही म्हणायला तोंड उघडलं. मग थबकला. मागं वळून वाइंडिंगच्या दाराकडे पाहिलं. दारात सारजाबाई आणि सहा-सात जणी कामं सोडून त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

धुळाप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंडाला घट्ट बांधला आणि मगच स्वतःला जी घालायची ती शिवी घातली.