मवाळ रेझर आणि जावयाचा डावा गाल

ज्या समाजातले पुरुष दाढी शांतपणे करतात, त्या समाजाची प्रगती कोणी रोखू शकत नाही. या विधानाला कसलाही आधार नाही. पण ते आचऱ्याच्या भाई वालावलकरांचं आहे, आणि भाई तालुक्याच्या एका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांच्या विधानाला आधार लागत नाही, जावक क्रमांक पुरतो.

भाई या विषयाकडे वळले ते निरोपसमारंभाच्या सकाळी. घाईघाईत प्लास्टिकच्या रेझरने त्यांची हनुवटी कापली आणि सत्काराच्या प्रत्येक फोटोत शाल, नारळ आणि कापसाचा बोळा एकत्र आले. साहेब भाषणात म्हणाले, "भाईंनी या कचेरीसाठी रक्ताचं पाणी केलं," तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. उभ्या नोकरीत भाईंपुढे कोणी हसलं नव्हतं (रडले पुष्कळ होते). घरी येऊन त्यांनी शाल खुंटीला अडकवली आणि उरलेल्या आयुष्यात आपल्या गालावर रक्ताचा थेंब येऊ द्यायचा नाही, असा निर्णय स्वतःच्या अधिकारात घेतला.

मोबाईलवर शोध घेतला तेव्हा त्यांना कळलं की जगभर हजारो पुरुष अजूनही धातूच्या जुन्या धाटणीच्या रेझरने, दोन्ही बाजूंना धार असलेलं एकच पातं घालून दाढी करतात, आणि उरलेला दिवस त्याविषयी बोलण्यात घालवतात. या रेझरचे दोन पंथ आहेत. भाईंनी त्यांना जहाल आणि मवाळ अशी नावं दिली. जहाल रेझरमध्ये पातं पत्र्याबाहेर डोकं काढून वाट बघत असतं. मवाळात ते दोन पत्र्यांमध्ये अंग चोरून बसतं, गरजेपुरतं दर्शन देतं आणि होता होईतो कोणाच्या वाटेला जात नाही. हा स्वभाव भाईंना कचेरीत अगदी जवळून बघायला मिळाला होता. त्यांचं मन तिथेच बसलं.

त्यांनी एक मवाळ रेझर मागवला. तो पुरेसा मवाळ आहे की नाही हे ठरवायला दुसरा लागला. पहिल्या दोघांत एकवाक्यता होईना म्हणून तिसरा आला, आणि तिसरा पक्षपात करत नाही ना, हे बघायला चौथा. न्हाणीघराच्या खिडकीत लागलेली ती ओळ बघून पत्नी आनंदीबाईंनी एकदाच विचारलं, "तुमका दाढी करूची आसा काय तिची परीक्षा घेवची आसा?"

प्रश्न धोरणात्मक असल्यामुळे भाईंनी तो विचारार्थ राखून ठेवला.

खरी अडचण निराळीच होती. रेझर चार आणि गाल दोन. त्यातून एका गालाला दिवसाकाठी एकच दाढी येते (ही तरतूद भाईंना फारच तोकडी वाटली). तेव्हा गालांची संख्या वाढवण्यासाठी 'सिंधुदुर्ग मवाळ दाढी मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष अर्थातच भाई. सभासद म्हणून पलीकडच्या वाडीतले आंबा-काजूवाले दाजी परब, ज्यांची दाढी सकाळी काढली तर दुपारच्या जेवणाला पुन्हा पानावर हजर असे. आणि सचिव म्हणून हायस्कुलात मराठी शिकवणारे विनीत मास्तर. मास्तरांना दाढी विरळ होती, पण इतिवृत्त लिहायला घेतलं की त्यांची भाषा दाट होत असे. जिल्ह्यातले शंभर टक्के मवाळ दाढीप्रेमी (म्हणजे हे तिघे) मंडळाचे सभासद असल्याची नोंद त्यांनी पहिल्याच बैठकीत केली.

दर रविवारी भाईंच्या पडवीत टॉवेल गुंडाळून चाचणी होई. आधी केसांच्या दिशेने, मग आडवं, मग उलटं. गुण चार विषयांत: त्वचेचं समाधान, मुठीची पकड, पात्याचा आवाज आणि दाढी निघणे. हा शेवटचा विषय सुरुवातीला सक्तीचा होता. पण रेझर जितका मवाळ, तितकी दाढी मागे राहते, हे लवकरच ध्यानात आलं. एका विषयापायी गुणी उमेदवाराचं वर्ष फुकट जाऊ नये, असं विनीत मास्तरांनी कळवळून सांगितलं आणि 'दाढी निघणे' ऐच्छिक झालं.

अशात चार क्रमांकाच्या रेझरने एकदम प्रगती दाखवली. तोवर तो साधारण विद्यार्थी होता. आता मात्र जळजळ नाही, लाली नाही, आवाज तर औषधालासुद्धा नाही. डोळे मिटून बसलेले दाजी म्हणाले, "गालावर लोणी फिरवल्यासारख्या वाटता." साबण धुतल्यावर दाजींची दाढी होती तिथेच आणि होती तितकीच होती. तिघांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मास्तरांनी लिहिलं, 'केस शिल्लक राहणे हा दोष नसून, त्वचेपर्यंत काहीही न पोहोचल्याचा तो सबळ पुरावा आहे.' मंडळाने चौथ्याला चाळीसपैकी चाळीस गुण दिले. त्याचं कौतुक करणारा पाच ताऱ्यांचा अभिप्राय भाईंनी त्याच दुपारी, तो जिथून मागवला होता तिथे मोबाईलवरून नोंदवला.

पुढच्या आठवड्यात मालवणच्या बाजारात दोघातिघांनी दाजींना बाजूला घेऊन, घरात कोण गेलं म्हणून हळहळून विचारलं. दाजींनी त्यांना रेझर क्रमांक चारची माहिती दिली.

आता अंतिम फेरी उरली: क्रमांक दोन विरुद्ध क्रमांक चार. त्यासाठी कोणताही पूर्वग्रह नसलेला, ताजा चेहरा हवा होता. तो भाईंना घरबसल्या मिळाला, कारण त्याच सुमारास मुलीचा साखरपुडा ठरला.

गौरजा गुरांची डॉक्टर. खारेपाटणचा सिद्धेश तावडे शेजाऱ्याची जखमी शेळी घेऊन तिच्या दवाखान्यात आला होता, आणि टाके पडेपर्यंत त्याने त्या शेळीला असं धरून ठेवलं की शेळीला आणि डॉक्टरला, दोघींनाही तो आवडला. तो ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. बोलणं कमी, आणि जे काही बोलायचा ते बहुतेक 'चालेल'. भाईंनी त्याला प्रथम पाहिलं तेव्हा त्यांची नजर शिक्षण, नोकरी, घरदार यांवरून भराभर घसरत जबड्यावर येऊन थांबली. दाढी उत्तम होती. त्यांनी तिथेच होकार दिला.

साखरपुड्याच्या आठवडाभर आधी त्यांनी सिद्धेशला फोन केला. दाढी करू नकोस, त्या दिवशी सकाळी लवकर ये, बाकीचं इथे बघू. कारण विचारू नकोस.

"चालेल," सिद्धेश म्हणाला.

त्या दिवशी मांडवात फुलं लागत होती, आत आनंदीबाई खोबरं खवत होत्या आणि पडवीत नवरदेव गळ्यापर्यंत टॉवेल गुंडाळून खुर्चीवर बसला होता. उजवा गाल क्रमांक दोनला मिळाला, डावा क्रमांक चारला. उजवा तीन फेऱ्यांत स्वच्छ झाला, थोडा लालसरही झाला (दोन गुण वजा). डाव्या गालावर भाईंनी तीन फेऱ्या मारल्या आणि अध्यक्षांच्या खास अधिकारात चौथी मारली. साबण धुतल्यावर आठवड्याची दाढी आंघोळ केल्यासारखी टवटवीत दिसू लागली.

"डावीकडे काय वाटलं?" मास्तरांनी विचारलं.

"काहीच नाही वाटलं," सिद्धेश म्हणाला. तिघांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या.

गुणपत्रकावर सह्या होईपर्यंत एका गालावर दुसरा रेझर लावायचा नाही, असा मंडळाचा नियम होता. सह्या होण्याआधीच खारेपाटणची गाडी दारात उभी राहिली आणि गाडीतून सर्वांत आधी काशीबाई उतरल्या.

काशीबाई म्हणजे सिद्धेशची थोरली आत्या. त्या घरात लग्नं त्यांच्या होकाराने ठरत आणि त्यांच्या भुवईने मोडत. त्या पडवीत आल्या, भाच्याच्या उजवीकडून डावीकडे गेल्या, पुन्हा उजवीकडे आल्या.

"ह्यां काय?"

माजघराच्या दारात गौरजा येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे बघताना भाईंना पहिल्यांदाच वाटून गेलं की आपण मांडलेल्या या परीक्षेत नापास व्हायची पाळी आपल्या मुलीवर येऊ शकते. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण कचेरीच्या सवयीने त्यातून फक्त 'बघतो' एवढंच निघालं.

विनीत मास्तर पुढे झाले. "आमच्याकडची रीत आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "साखरपुड्याला जावयाचा डावा गाल राखतात."

काशीबाईंनी अशी रीत जन्मात ऐकली नव्हती. पण जी रीत आपल्याला माहीत नाही ती जगात आहे, असं चारचौघांत कबूल करणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

"माका रीत शिकवू नकात," त्या म्हणाल्या. "रीत आमच्याकडेय आसा. पण आमच्यात उजवो गाल राखतत."

आता प्रकरण दोन घराण्यांच्या परंपरेचं झालं. खारेपाटणच्या पाहुण्यांपैकी दोघांना आपल्या आजोबांचा उजवा गाल आठवला. भटजींना विचारलं, तर त्यांनी कुळाचाराप्रमाणे दोन्ही ग्राह्य आहेत असं सांगून पुन्हा सुपाऱ्या मोजायला घेतल्या. उजवा गाल आता तर पार साफ झालेला. त्यावर दाढी परत उगवायला आठवडा लागणार, आणि मुहूर्त अर्ध्या तासावर. मुहूर्त पुढे ढकला, असं कोणीतरी म्हणालं. मुलीकडच्या कोणाचा उजवा गाल चालत असेल तर माझा घ्या, असं दाजींनी मोठ्या मनाने सांगितलं. तेव्हा कुठे काशीबाईंनी मंडळाच्या तिन्ही सभासदांचे चेहरे नीट न्याहाळले.

"ह्येंच्या घराण्यात दोनय गाल राखतत काय?"

गौरजा बाहेर आली. तिने भरजरी पदर कमरेला खोचला, सिद्धेशसमोर स्टूल ओढलं आणि त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं धरून तोंड उजेडाकडे वळवलं. टाके घालण्याआधी गुराच्या जखमेभोवतीचे केस भादरायची तिला रोजची सवय. तिने साबण लावला, क्रमांक चार उचलला, डाव्या गालावर एकदा ओढला आणि थांबली. मग रेझरची मूठ फिरवून तिने तो उघडला.

"बाबा, ह्याच्यात पातां खंय आसा?"

माजघरातून आनंदीबाईंचा आवाज आला, "तां माज्याकडे आसा गो. ब्लाउजची शिवण उसवूक घेतललंय. पंधरा दिस तरी झाले असतीत."

भाईंनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी इतिवृत्ताकडे पाहिलं.

गौरजाने आईकडून कोरं पातं मागून घेतलं, बसवलं आणि मूठ आवळली. पातं गालावरून फिरलं तशी भाईंना बारीक खरखर ऐकू आली, कोरड्या पाचोळ्यावरून कोणी हलकेच चालावं तशी. हा आवाज आपण किती दिवसांत ऐकला नाही, हे त्यांना तेव्हा उमगलं. गौरजाचा हात एकदाही अडला नाही. रक्ताचा टिपूस नाही, लाली नाही. सिद्धेश शेळीपेक्षाही शांत बसला होता.

"आणि रीत?" काशीबाई म्हणाल्या.

"आत्या, तुमच्यात उजवो राखतत, आमच्यात डावो," गौरजा टॉवेलने त्याचा गाल पुसत म्हणाली. "दोघांनीय एकेक सोडलो. हिशोब सरळ झालो."

काशीबाईंनी विचार केला. नुकसान दोन्हीकडे सारखं होतं. त्यांनी बसायला पाट मागितला, याचा अर्थ साखरपुडा होणार होता. सिद्धेश म्हणाला, "चालेल."

अंगठ्या घालून झाल्यावर भाई मुलीजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "तेका खंय दुखला नाय मा?"

"नाय बाबा," ती म्हणाली. "तुमचो रेझर बरो आसा. एकदा पातां घालून बघा."

भाईंना हसू आलं, आणि ते लपवायला त्यांनी पानसुपारीचं तबक तोंडासमोर धरलं.

आता मंडळ विसर्जित होईल, असं आनंदीबाईंना वाटलं होतं. पण त्यांना संस्थांचा अनुभव नव्हता. रविवारच्या बैठकीत विनीत मास्तरांनी मुद्दा मांडला तो असा: क्रमांक चार पात्यासह पहिला आला आणि पात्याविनाही पहिला आला. अर्थात पातं ही तपशिलाची बाब आहे. निष्कर्ष अबाधित असून मंडळाची पद्धत दोन्ही बाजूंनी सिद्ध झाली आहे. गुणपत्रकात 'पातं असणे' असा पाचवा विषय घालण्यात आला. तोही ऐच्छिक.

राहता राहिला भाईंचा तो पाच ताऱ्यांचा अभिप्राय: 'अत्यंत मवाळ. गालाला पत्तासुद्धा लागत नाही.' दिलेला अभिप्राय मागे घेण्याची तरतूद नियमांत नसल्यामुळे तो तसाच राहिला. चारशेच्या वर लोकांना तो उपयुक्त वाटला. त्यामुळे मंडळाकडे आता इतरही वस्तू तपासणीसाठी येऊ लागल्या आहेत: कुकर, गाद्या, हेल्मेटं. मागच्या महिन्यात दाजींनी एका मिक्सरला पाच तारे दिले आणि 'अजिबात आवाज करत नाही' असं मनापासून लिहिलं (प्लग लावायचा राहिला होता).

तुमच्या घरातला तो मिक्सर फार आवाज करतो, अशी तुमची तक्रार असल्याचं मंडळाच्या कानावर आलं आहे. परंतु तो घेण्याआधी तुम्ही तारे मोजलेत, दाजींचा अभिप्राय शेवटपर्यंत वाचलात आणि त्याखाली 'उपयुक्त' म्हणून अंगठा दाबलात. मंडळाने त्या अंगठ्याची नोंद घेतली असून, तुम्हाला न विचारता, तुमचं नाव सभासदांच्या यादीत एकमताने दाखल करून घेतलं आहे.