बाई रागावल्या की उघडतो

"आजी, अंगठा ठेवायचा की चेहरा?" मोबाइलच्या दुकानातल्या मुलीने सहज विचारलं. त्यावर बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने हातातला नवा फोन हळूच काउंटरवर ठेवून दिला.

"अंगठा?" बाई म्हणाल्या.

"फोन उघडायला हो. बोट टेकवलं की उघडतो, नाहीतर नुसतं तोंड दाखवलं तरी उघडतो. तुम्हाला सोयीचं काय पडेल?"

पोरीचा काही दोष नव्हता. समोरच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींनी आयुष्यातली चौतीस वर्षं अंगठ्याशी वैर करण्यात घालवली आहेत, हे तिला कुठून ठाऊक असणार? दिवसभर राबून आलेल्या बायकांचा संध्याकाळचा वर्ग बाई चालवत. पहिल्या दिवशी त्या एवढंच सांगत, "अंगठा पाटी धरायला असतो. कागदावर उठवायला नाही." पुढे सहा महिन्यांत त्या बायका आपलं नाव लिहीत. वाकडं लिहीत, पण स्वतः लिहीत. वर्ग बंद होऊन कितीतरी वर्षं झाली तरी सगळे त्यांना बाईच म्हणत.

"या वयात मला अंगठेबहाद्दर करतेस होय?"

"आजी, हल्ली शिकलेली माणसंच अंगठा लावतात."

"म्हणजे आम्ही शिकवलं ते पाण्यातच गेलं."

बाईंच्या मागे त्यांचे यजमान उभे होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केल्यामुळे त्यांना घरीदारी घड्याळजीच म्हणत. पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांचा डावा डोळा कायमचा बारीक झाला होता आणि चेहऱ्यावर, आत्ताच काहीतरी सांडून आलेल्या माणसाचा भाव बसला होता.

"अगं, बोटच बरं," ते म्हणाले. "बोट सकाळ-संध्याकाळ सारखंच असतं. तोंडाचा काय भरवसा?"

"कोणाच्या तोंडाचा?"

"सर्वसाधारण बोलतोय मी."

"चेहरा," बाईंनी मुलीला सांगितलं, आणि निवड झाली.

मुलीने फोन त्यांच्या हातात दिला, वर्तुळात चेहरा येऊ द्या, सावकाश मान फिरवा, असं सांगितलं आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. बाईंनी चष्मा घरी ठेवला होता, म्हणून त्यांनी फोन हातभर लांब धरला. यंत्र दिसलं की घड्याळजींना राहवत नसे. ते बाईंच्या खांद्यावरून वाकले.

"आता डावीकडे. अशी. मग उजवीकडे," त्यांनी स्वतःची मान फिरवून दाखवली.

"मला मान फिरवायला शिकवू नका," बाई त्यांच्यावर कडाडल्या. नेमका त्याच क्षणी फोन टिंग करून वाजला. चेहरा नोंदला गेला होता.

मुलीने सहा आकडे एका कागदावर लिहून दिले. "पाच वेळा चेहरा चुकला तर फोन हे आकडे मागेल. कागद जपून ठेवा." बाईंनी तो इतका जपून ठेवला की संध्याकाळपर्यंत त्यांना स्वतःलाही सापडेना.

घरी आल्यावर बाईंनी चष्मा लावला, केस सारखे केले, प्रसन्न चेहऱ्याने फोनकडे पाहिलं. फोन ढिम्म. पुन्हा पाहिलं, किंचित हसल्या. फोनला काही ओळखदेख नाही. तिसऱ्या वेळी मात्र त्यांचा पारा चढला. "तुम्हीच आणलंत हे कार्टं घरात," म्हणत त्यांनी फोन घड्याळजींच्या नाकासमोर नाचवला. टिंग. उघडला.

दोन दिवस हेच चाललं. हसऱ्या बाईंना फोन दाराबाहेर उभं करी, रागावलेल्या बाईंना तत्काळ आत घेई. बिघाड कुठे आहे हे शोधल्याशिवाय घड्याळजींना चैन पडत नसे. तिसऱ्या दिवशी त्यांनी निदान केलं.

"दुकानात त्याने तुझा चेहरा घेतला तेव्हा तू माझ्यावर ओरडत होतीस. त्याला वाटतं, तीच तू. तू रागावलीस की उघडतो."

बाईंना हे पटलं. पटलं म्हणून त्या आणखी चिडल्या, आणि फोन उघडला.

मग घरात एक पद्धतच पडून गेली. साधा निरोप वाचायचा असला की घड्याळजी ओला टॉवेल गादीवर टाकत. परगावी असलेल्या लेकीने पाठवलेले फोटो बघायचे असले की पेपरची पानं उलटसुलट लावत. जास्त वेळ लागणारं काम असेल तर बाईंच्या दिवंगत भावाचा विषय काढत. बाई फणकारत, "बघा, बघा काय करून ठेवलंय," म्हणून फोन त्यांच्यासमोर धरत, आणि काम होऊन जाई. फोन घड्याळजींच्या हातात मात्र त्या कधी देत नसत. "तुम्ही त्याचे स्क्रू काढाल," म्हणत.

तीन आठवडे सुरळीत गेले. मग ताईचा फोन आला. आलेला फोन घ्यायला सुदैवाने चेहरा लागत नसे.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. आईच्या शिलाई मशिनवरून दोघींचं बिनसलं त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत चिठ्ठी नाही, चौकशी नाही. आणि आता ताई आपणहून म्हणाली होती, "उद्या ये. मी वाट बघते." बाई अर्धा तास आतल्या खोलीत दार लावून बोलत होत्या. घड्याळजींना जेवणानंतर डुलकी लागली होती. ते उठले तेव्हा बाईंनी बॅग भरायला काढली होती आणि त्या गुणगुणत होत्या. लेकीने तिकडून बसची तिकिटं काढून फोनवर पाठवली. ताईच्या गावाला दिवसाला एकच गाडी जायची, आणि ताईचं मन परवापर्यंत असंच राहील याची खात्री खुद्द ताईलासुद्धा देता आली नसती.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या दाराशी कंडक्टर मशिन घेऊन उभा होता. "आजी, फोनवरचा कोड दाखवा."

बाईंनी फोन समोर धरला आणि हसल्या. सकाळपासून त्या हसतच होत्या. फोन उघडला नाही. पुन्हा धरला. नाही. तिसऱ्यांदाही नाही.

"नावावरून बघा ना," घड्याळजी म्हणाले.

"मशिन नाव सांगत नाही काका. कोड दाखवला तरच सांगतं."

"मग नवीन तिकीट द्या."

"तुमच्या सीटा विकलेल्या दिसतायत. दुसऱ्यांदा कशी विकू?"

"अहो, आम्हीच घेतल्यात त्या."

"असेल. पण मशिनला सांगा ना ते." कंडक्टरने घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं थांबतो. मग सोडावी लागेल गाडी."

घड्याळजींनी आपल्या बटणांच्या फोनवरून लेकीला लावला. ती नर्स, ड्यूटीवर असली की फोन कपाटात. तेव्हा राहिला एकच उपाय.

"रागाव," ते बाईंना म्हणाले.

"आज कशी रागावू? आज नाही यायचा मला राग."

"तुझा निळा कप. तो मांजराने नव्हता फोडला. मी फोडला. आणि तू मांजराचं दूध बंद केलंस."

"ठाऊक होतं मला," म्हणून बाई हसल्या आणि त्याच तोंडाने त्यांनी फोनकडे पाहिलं. चौथी खेप वाया गेली.

"थांब, आता बघू नकोस," घड्याळजी घाबरले. "एकच उरली. मग तो आकडे मागेल, आणि तो कागद अजून सापडलेला नाही. फोन छातीशी उलटा धर. मी सांगितल्याशिवाय सरळ करायचा नाही."

गाडीतले लोक खिडक्यांशी सरकले. ओल्या टॉवेलवर भागण्यासारखा हा प्रसंग नव्हता.

"डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. मी सहा वर्षं कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जातो आणि बसून राहतो."

"ठाऊक आहे."

"स्वयंपाकघरातलं घड्याळ मी मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवतो. चाळीस वर्षं. तू वेळेवर तयार व्हावीस म्हणून."

"ठाऊक आहे. म्हणून तर मी दहा मिनिटं उशिरा निघते."

खिडकीतला एक माणूस म्हणाला, "काका, सासरचं काहीतरी काढा."

"तुझा भाऊ महाचिक्कू होता," घड्याळजी म्हणाले.

"होताच तसा," बाई प्रेमाने म्हणाल्या.

"लग्नानंतर पहिल्या वर्षी तू मला स्वेटर विणलास. तो मी हरवला नव्हता. देऊन टाकला. त्याची एक बाही गुडघ्यापर्यंत येत होती."

बाई क्षणभर थांबल्या. खिडकीतल्यांनीही श्वास रोखला. पण, "ठाऊक होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "बोला पुढे."

"दोन मिनिटं," कंडक्टर म्हणाला. ड्रायव्हरने गाडी चालू केली.

घड्याळजींनी बाईंच्या बॅगेकडे पाहिलं. ताईसाठी घेतलेली शाल घडी मोडू नये म्हणून सगळ्यांत वर ठेवली होती. आता त्यांच्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती. ती त्यांनी दहा वर्षं कोणाला सांगितली नव्हती, आणि जन्मात सांगणारही नव्हते. पण गाडी गेली तर बाईंची ताईही जाणार होती.

"ऐक," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुमचं भांडण झालं ना, त्याच्या पुढच्या वर्षी ताई माझ्या दुकानात आली होती. तुला द्यायला पत्र दिलं होतं तिने. चुकलं माझं, असं लिहिलंय म्हणाली. तुझा मूड बघून द्यावं म्हणून मी ते एका भिंतीवरच्या घड्याळात ठेवलं. मागच्या झाकणाच्या आत. म्हटलं, इथे सुरक्षित राहील. दुपारी गिऱ्हाईक आलं आणि घड्याळ घेऊन गेलं."

खिडकीतला माणूस अर्धा बाहेर आला.

"मी फार शोधला त्याला. तो गाव सोडून गेला होता. मग तुला सांगायचा धीर झाला नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत दहा वर्षं गेली." त्यांनी डोळे मिटून घेतले. "आता बघ फोनकडे. रागावली असशील."

बाईंचा आवाज आला तो अगदी मऊ. "ठाऊक आहे."

घड्याळजींनी डोळे उघडले.

"ते घड्याळ त्या गृहस्थाने गेल्या महिन्यात तिकडे कोणाकडे तरी दुरुस्तीला दिलं. झाकण उघडल्यावर पाकीट सापडलं. मागे ताईचा पत्ता होता. त्या भल्या माणसाने ताईला नेऊन दिलं. म्हणून तर काल ती फोन करती झाली."

"आणि तू रागावली नाहीस?"

"काल तासभर रागावले होते. तुम्ही घोरत होतात."

"मग तेव्हाच फोन उघडून तिकीट कागदावर उतरवून घ्यायचं नाही का?"

"तेव्हा तिकीट काढलं कुठे होतं?" बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? पत्र नाही मिळालं, पण म्हणून मला फोन करायला कोणी बंदी केली होती? मीही हटून बसले, तीही बसली. तुमचं पाप आमच्या निम्मंच भरेल. पण दहा वर्षं माझ्यासमोर बसून जेवलात, आणि तोंडावरची रेषा हलू दिली नाहीत. बघा जरा. या काचेत एकदा स्वतःचं तोंड बघा."

आणि त्यांनी छातीशी धरलेला फोन फिरवून घड्याळजींच्या तोंडासमोर धरला.

टिंग.

कंडक्टरने पुढे होऊन कोडवर मशिन धरलं. मशिनने दोन्ही सीटा मान्य केल्या. मग तो म्हणाला, "काका, हा तर तुमच्या तोंडाने उघडतो."

बाईंनी फोन बंद करून घड्याळजींकडे वळवला. टिंग. बंद करून स्वतःकडे वळवला आणि डोळे वटारून, नाक फेंदारून पाहिलं. फोन ढिम्म. खिडकीतल्या माणसाने टाळी दिली, कोणाला ते त्यालाही कळलं नाही.

गाडी सुटली. घड्याळजींनी बॅग मांडीवर घेतली.

"म्हणजे तीन आठवडे मी उगाचच टॉवेल ओले केले," ते म्हणाले.

"आणि मी उगाच चिडले."

"आजचं बोलणंही फुकटच गेलं म्हणायचं. नुसतं माझं तोंड दाखवलं असतं तरी झालं असतं. बरं, तुला सगळं आधीपासून ठाऊकच होतं, एवढं नशीब."

बाईंनी खिडकीची काच थोडी सरकवली. वाऱ्यावर पदर सावरला.

"स्वयंपाकघरातल्या घड्याळाचं ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पत्राचं काल कळलं. बाकीचं आत्ताच ऐकलं."

घड्याळजींचा उजवा डोळाही बारीक झाला.

"वर्गात कोणी काही लपवतंय असं वाटलं ना, की मी एवढंच म्हणायची, ठाऊक आहे मला. पुढचं ती आपणहून सांगायची. कधी चुकलं नाही."

घड्याळजींनी मान मागे टेकली आणि झोप लागल्यासारखे डोळे मिटले.

"झोपू नका," बाई म्हणाल्या. "स्वेटर देऊन टाकलात म्हणालात. कोणाला?"

बाईंनी त्यांना कोपराने हलवलं आणि त्यांच्याकडे सरकून नीट बसल्या.

"चार तासांचा रस्ता आहे. अगदी पहिल्यापासून सांगा. अकरा वर्षांनी ताईकडे चाललेय, नुसती शाल घेऊन कशी जाऊ?"