सोफ्यामागचा चोर

"मी लपलो," दातांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं आणि वीस बाजूंचा फासा टेबलावर फेकला. अठरा पडले.

"कुठे लपलास?" बायकोनं विचारलं. प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन, फासे टाकत राक्षसांशी लढायचा रविवार दुपारचा हा खेळ तीच चालवायची. राक्षस तिचे, नियमही तिचेच.

"पिंपामागे."

"राक्षस टक लावून बघतोय तुझ्याकडे. त्याच्या डोळ्यांदेखत कसा लपशील? आधी नजरेआड हो, मग फासा टाक."

"अगं, अठरा पडलेत!"

"पन्नास पडू देत. फासा पडला म्हणून माणूस हवेत विरघळत नाही."

मेव्हण्याचा योद्धा अखेरच्या घटका मोजत होता. आता डॉक्टरांच्या चोरानं लपून मागून वार केला तरच धडगत होती. लपून केलेल्या वाराला दुप्पट जोर मिळायचा.

"दाजी, खरंखुरं लपून दाखवा," मेव्हण्यानं काडी टाकली. "मी होतो राक्षस."

डॉक्टर इरेला पेटले. आधी ते मेव्हण्याच्या समोरूनच पडद्यामागे शिरले. त्यानं जागचं न हलता बोट दाखवलं. "हे काय, पोट."

दुसऱ्या खेपेला बहीणभावांनी पाठ फिरवली आणि डॉक्टर सोफा नि भिंत यांच्यातल्या फटीत आडवे घुसले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, गालाला हात लावून. दवाखाना बाजूच्याच खोलीत होता, पण रविवार मोडू नये म्हणून सकाळी फोनवर डॉक्टरांनी त्यांना 'मी बाहेरगावी आहे' असं ठोकून दिलं होतं.

"डॉक्टर नाहीत ना?"

"नाहीत," बायको शांतपणे म्हणाली.

"हरकत नाही. बसतो जरा." पोस्टमास्तर नेमके त्याच सोफ्यावर टेकले. सोफा करकरत मागे सरकला आणि डॉक्टरांचं नाक भिंतीला चेपलं.

"हा चोर कुणाचा?" पोस्टमास्तरांनी टेबलावरची चोराची सोंगटी बघत विचारलं.

"आमच्या ह्यांचा. तुम्ही खेळा ना त्यांच्या जागी," बायको सोफ्याकडे बघत गोड आवाजात म्हणाली. "आता कुठे नीट लपलाय. तो वार करेपर्यंत राक्षसाला पत्ता लागायचा नाही."

पोस्टमास्तरांनी विचार केला. "मग मी राक्षसासमोर जाऊन नमस्कार करतो. सामोपचारानं घेऊ."

"अहो, मागून हाणा! मागून!" सोफा ओरडला.

सगळे सोफ्याकडे वळले.

"आवाज केला की लपणं संपलं," बायकोनं निकाल दिला.

डॉक्टर जळमटांसकट बाहेर आले. "मी... आत्ताच पोचलो."

"भिंतीतून?" मेव्हण्यानं विचारलं.

डॉक्टर पुरते ओशाळले. "चला दवाखान्यात. दाढ बघतो."

पोस्टमास्तरांचा हात गालावरून खाली आला. "छे, छे! दाढ ठणठणीत आहे. तुम्ही बाहेरगावी म्हणूनच तर निर्धास्त आलो! घरी माळा साफ करायला काढलाय. दाढेचं निमित्त करून सटकलो."

पुन्हा बेल वाजली. "आमचे हे आलेत का हो इकडे?" बाहेरून करडा आवाज आला.

पोस्टमास्तर त्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं सोफ्यामागे गेले. "डॉक्टर, सांभाळून घ्या," मागून कुजबुज आली.

डॉक्टरांनी दार उघडलं. "आहेत, दवाखान्यात आहेत. दोन दाढा काढायच्यात त्यांच्या. वेळ लागेल."

"काढा की!" बाई आत येत म्हणाल्या. "दर रविवारी दुखतात मेल्या. एकदाच्या उपटूनच टाका, मी उभी राहते समोर."