तावडेंच्या घरची सरळ रेघ

तावडेंना आठ वाजता जेवायला बोलवा, ते आठ वाजून सात मिनिटांनी बेल वाजवतील. उशीर होतो म्हणून नव्हे. गोल आकड्यांवर त्यांचा विश्वासच नाही. "आठ म्हणजे कुणीतरी बसल्या जागी ठोकून दिल्यासारखं वाटतं, बाई. खऱ्या आकड्याला शेपूट असतं." माझ्या मुलीच्या बारशाला, बाळ तीन किलोचं आहे म्हटल्यावर या गृहस्थांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "बरोब्बर तीन? नोंद कुठाय?" मुलगी आता सातवीत आहे. सासूबाईंनी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

परळला आमचं छोटं ऑफिस आहे. कारखान्याला पर्यावरणाचा परवाना मिळतो तो अटींवर. धूर इतकाच सोडायचा, सांडपाणी असंच सोडायचं, जनरेटरचा आवाज एवढाच, आणि दर महिन्याला या सगळ्याच्या नोंदी सरकारकडे पाठवायच्या. त्याआधी त्या आमच्याकडे तपासायला येतात. आता माणूसच तो. मोजायचा कंटाळा आला की मागच्या महिन्याचे आकडे पुढे ढकलतो. पूर्वी ही लबाडी तावडे नुसत्या डोळ्यांनी पकडायचे. मग मशीन लर्निंग आलं. आता त्या मशीनला खरं-खोटं शिकवायचं कुणी? अर्थात तावडेंनी!

दिवसभर एकेक नोंद उघडायची, मशीनने धरलेली चूक खरी असेल तर 'बरोबर' दाबायचं, नसेल तर 'चूक'. आणि तोंडाची टकळी अखंड चालू. "अरे येड्या, रविवारी फॅक्टरी बंद, मग धूर कुठनं आला? नीट बघ. हां, शाब्बास रे माझ्या राजा!" माझं टेबल त्यांच्या शेजारी. डोकं नुसतं पिकायचं. एकदा वैतागून म्हटलं, "तावडे, थोडं घरी बोलायला शिल्लक ठेवा हो!" ते "हो हो" म्हणून हसले. त्यांच्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली हे मला माहीत होतं. तरी मी बोलले. जीभ झडो माझी.

मध्यंतरी एका गिऱ्हाइकासाठी आवाज मोजायचा नवा मीटर आला. बसवण्याआधी आठवडाभर चाचणी घ्यायची होती. तावडे म्हणाले, "माझ्याकडे लावतो. भोईवाड्यात आवाजाला काय तोटा?" हे ते सवयीने बोलले असावेत. वडील गिरणीत, सगळा जन्म चाळीत, भिंतीपलीकडे कुणी खोकलं तरी इकडून औषध सांगायची रीत. पण ती चाळ पाडून आता टॉवर झालाय, आणि तावडे राहतात सतराव्या मजल्यावर.

आठवड्याने मशीनने त्या नोंदी वाचल्या आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली. मराठीत सांगायचं तर, नोंदी खऱ्या वाटत नाहीत, मीटर रिकाम्या जागेत ठेवलेला दिसतो. खाली आवाजाची रेघ होती. सकाळी कुकरची शिट्टी तेवढी वर उठलेली, बाकी सरळच्या सरळ.

"तावडे पकडले गेले!" ऑफिसभर हशा पिकला. मीही हसले. शिष्यानेच गुरूला चोर ठरवलं, मग हसणार नाही तर काय! तावडे मात्र हसेनात. माउसवर हात ठेवून गप्प बसले होते. तावडे आणि गप्प!

"अहो, 'चूक' दाबा आणि मोकळे व्हा," मी म्हटलं.

"चूक कसं दाबू, बाई? पोराने बरोबर ओळखलंय."

"रिकामी जागा कशी? तुम्ही राहता ना तिथे?"

"राहतो. पण आवाज करत नाही. कुणाशी करणार?"

"निदान टीव्ही तरी लावायचा!"

"खोटी नोंद झाली असती ना," असं म्हणून त्यांनी 'बरोबर' दाबलं.

मला स्वतःचीच लाज वाटली. मग आवाज चढवून म्हटलं, "असं नाही चालायचं. मीटर राहू दे तिथेच. रविवारी मी तपासणीला येतेय. चार वाजता."

"चार?" तावडेंनी भुवई उचलली.

"चार वाजून सात मिनिटांनी. झालं समाधान?"

रविवारी मुलीला घेऊन गेले, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ बांधून. सगळा मजला बंद दारांचा. एकच दार सताड उघडं, चाळीत असायचं तसं. कॅरमचा बोर्ड पुसून, पावडर टाकून तयार होता. राणीवरून तावडे आणि माझी मुलगी असे भांडले की मी कानांवर हात ठेवले. "चिटिंग करता, काका!" "पुरावा काय गो? नोंद कुठाय?" चहाला तिसरा कप सापडेना, तेव्हा तावडे स्टीलच्या पेल्यातून प्यायले. निघताना लिफ्टपर्यंत आले आणि लिफ्टचं दार लागेपर्यंत बोलतच होते.

सोमवारी त्यांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. सरळ रेघ चार वाजून सात मिनिटांनी उसळली होती आणि सात वाजून तेरा मिनिटांनी पुन्हा खाली आली होती. आमच्या तक्त्यात आवाज वाढला की 'कारण' लिहावं लागतं. तावडेंनी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "पाहुणे." त्याखाली, शेऱ्याच्या रकान्यात, "पुन्हा तपासणी आवश्यक."

मी खाली सही केली.