ठकूबाई मेंढीचा जाहीर निषेध

बाळांनो, जंगल म्हटलं की तुम्हाला लगेच सिंह हवा असतो. मिळणार नाही. ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, तिथला सिंह कधीच शहरात राहायला गेला होता. मागे उरली होती एक बाजारपेठ. तिचं नाव करवंदपेठ.

करवंदपेठेत रस्ता एकच आणि दोन्ही बाजूंना दुकानं. त्यातल्या एका दुकानात ठकूबाई मेंढी घोंगड्या विणायची आणि विकायची. लोकर तिच्या स्वतःच्या अंगची, माग सासूच्या वेळचा आणि जीभ माहेरून आणलेली. तिची घोंगडी एकदा घेतली की दहा-बारा हिवाळे बघायला नको. टोचायची थोडी, पण ऊब अशी की पांघरणारा सकाळी उठायलाच तयार नसे.

शेजारी साळबा साळिंदराचं छत्र्यांचं दुकान होतं. साळबा स्वभावाने अगदी गरीब. गिऱ्हाइकाला छत्री उघडून दाखवताना त्याच्याच काट्याने तिला भोक पडायचं, आणि मग तोच गिऱ्हाइकाची माफी मागत बसायचा.

ठकूबाईचं तसं नव्हतं. तिच्याकडे गिऱ्हाईक आलं की आधी भांडण व्हायचं.

"एवढी महाग? आणि वर टोचतेय!" माकडीण म्हणायची.

"टोचतेय तर ठेवा खाली. तुमच्यासाठी काय लोण्याची विणू?"

"बोलायची ही काय पद्धत झाली?"

"पद्धत बघायला आलात की घोंगडी?"

माकडीण तरातरा निघायची, साळबाच्या दुकानापर्यंत जायची, तिथे जरा घुटमळायची, परत यायची आणि घोंगडी घेऊन जायची. दोघींनाही दिवसभर बरं वाटायचं. व्यवहार असा व्हायचा, बाळांनो. तुम्ही बोटाने टिचकी मारता आणि वस्तू दारात येते. तुम्हाला यातलं काय कळणार, कप्पाळ!

मग करकोचे आले.

सात डोंगरांपलीकडे कुठेतरी त्यांचं मोठं गोदाम होतं. झाडावर बसल्या बसल्या मागणी सांगायची, की आठ दिवसांत करकोचा चोचीत पुडकं धरून हजर. पुडक्यात शाल असायची. शालीवर गुलाबाची फुलं. आरपार बघितलं तर पलीकडचा डोंगर दिसायचा, पण फुलं मात्र छान होती.

पेठेतले सगळे ठकूबाईकडे यायचे, नाही असं नाही. घोंगडी अंगाला लावून बघायचे. लांबी किती घ्यावी, रुंदी किती, थंडीला जाड बरी की पातळ, सगळं विचारून घ्यायचे. ठकूबाई भोळेपणाने सांगायची. मग "बघू हं" म्हणून जायचे आणि करकोच्याला निरोप धाडायचे.

कार्तिक संपत आला तरी फळीवर सतरा घोंगड्या तशाच होत्या. या हिवाळ्यात घोंगड्या गेल्या नाहीत, तर दुकानाला कायमचं कुलूप लागणार आणि ठकूबाईला भावाच्या कळपात जाऊन राहावं लागणार. भावाचं काही नाही हो, तो बिचारा शेपूट हलवत असतो. पण भावजय होती. जिने सासूच्या मागावर चाळीस वर्षं आपला खाक्या चालवला, तिने उतारवयात भावजयीला विचारून पाला खायचा?

तशी ठकूबाई उठली आणि 'स्थानिक व्यवसाय बचाव समिती'च्या वडाखाली गेली. समितीचे अध्यक्ष होते गवाअण्णा. देह केवढा थोरला! सरचिटणीस होती टिटवीताई. तिला हळू बोलता येत नसे.

"अण्णा," ठकूबाई म्हणाली, "मला मदत नको, काही नको. थंडी पडायला लागलीय. समितीतल्या सगळ्यांनी एकेक घोंगडी घ्या, बास."

गवाअण्णांचे डोळे पाणावले. "ठकूबाई, तुमचं दुःख ते आमचं दुःख."

"मग घेताय?"

"आम्ही काहीतरी ठोस करणार!" टिटवीताई एवढ्या जोरात ओरडली की वडावरची चार पानं गळली.

समिती तीन दिवस बसली. तिने कोवळ्या बांबूच्या सहा पाट्या फस्त केल्या आणि ठराव केला, की ठकूबाईंचा सत्कार करायचा.

सत्काराच्या दिवशी ठकूबाईने दुपारीच दुकान बंद केलं. ओढ्यात अंग धुतलं. गळ्यात लग्नातली घंटी बांधली. मांडव माणसांनी, म्हणजे जनावरांनी, फुलून गेला होता. तिला 'पेठभूषण' ही पदवी मिळाली. गवाअण्णा लोकरीवर एक तास बोलले. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ठकूबाईला खरंच रडू आलं. इतकी वर्षं तिला लोकांनी महागडी म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं. टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या. तिला फार फार आनंद झाला, हे लपवून कशाला ठेवू?

अण्णांनी तिच्या अंगावर शाल घातली. ठकूबाईने सवयीने शालीचा काठ चिमटीत धरून बघितला.

"टिटवीताई, ही तर करकोच्याची."

"हो ना! तुमचीच घोंगडी घालायची असं ठरलं होतं. मी स्वतः तुमच्या दुकानात जाऊन आले. तर कुलूप!"

"अहो, मी इथे सत्काराला आले होते."

"तेच म्हणते मी. अशाने धंदा कसा चालायचा?"

ठकूबाईने शाल तशीच अंगावर सावरून घेतली. सत्कारमूर्तीने बोलायचं नसतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माकडीण दुकानात आली. ठकूबाईला हुरूप आला. तिने सगळ्यात जाड काळी घोंगडी खाली काढली.

"बारा कवड्या," ती म्हणाली आणि भांडणासाठी पदर खोचून उभी राहिली.

माकडिणीने हात जोडले. "तुम्ही म्हणाल ते योग्यच असणार."

"अहो, जास्त सांगितलीय मी! आठ म्हणा ना!"

"छे छे! पेठभूषणांशी घासाघीस? आम्हाला शोभतं का ते?"

माकडीण तिच्या पाया पडली आणि घोंगडीला हातही न लावता निघून गेली. साळबाच्या दुकानापर्यंत गेली. परत आली नाही.

मग तरस आला. पायरीखालीच उभा राहिला, दर्शन घेतलं आणि गेला. सशिणी पिल्लांना घेऊन यायला लागल्या. "या बघ त्या मोठ्या बाई. नमस्कार कर." पिल्लं नमस्कार करायची. पूर्वी निदान घोंगडी अंगाला लावून तरी बघायचे. आता पेठभूषणांच्या मालाला हात कसा लावायचा, म्हणून लांबूनच बघायचे. आठ दिवसांत एक घोंगडी खपली नाही. पहिल्यांदाच ठकूबाईला मनापासून भीती वाटली.

ती पुन्हा वडाखाली गेली. "अण्णा, तेवढं भूषण परत घ्या."

"परत?" टिटवीताईने नियमांचं भूर्जपत्र उलटसुलट करून बघितलं. "पदवी द्यायची तरतूद आहे. घ्यायची नाही."

"पण माझं होतं नव्हतं ते गिऱ्हाईक गेलं!"

गवाअण्णांनी बराच वेळ रवंथ केला. "म्हणजे सत्कार कमी पडला," ते म्हणाले. "तुम्हाला आपण जीवनगौरव देऊ."

बाळांनो, करवंदपेठेत जीवनगौरव मिळालेलं एकही दुकान उघडं नव्हतं. मुंगसाच्या वहाणांच्या दुकानाला मिळाला, तिथे आता करकोच्यांची पुडकी ठेवत असत. सुगरणीच्या टोपल्यांना मिळाला, ती नवऱ्यासकट दुसऱ्या जंगलात गेली.

ठकूबाई दुकानात आली आणि मागापाशी बसून रडली.

"ठकूबाई, अभिनंदन करू की..." साळबाने दारातून विचारलं.

"तू गप रे!"

हे दोन शब्द तोंडातून गेले आणि तिला जरा बरं वाटलं. किती दिवसांत ती कुणावर ओरडली नव्हती! मग तिला राग यायला लागला. रडून झाल्यावर येतो ना, तसला चांगला दणदणीत राग.

जीवनगौरवाचा समारंभ पौषात झाला. भल्या सकाळी, धुक्यात. अण्णा हातात शाल घेऊन उठले. ठकूबाईने टिटवीताईच्या पुढ्यातला माईक ओढून घेतला.

"थांबा, अण्णा! ही शाल आहे की मच्छरदाणी?"

मग ती मांडवाकडे वळली.

"माकडीणबाई, चारदा माझी घोंगडी अंगाला लावलीत. लांबी विचारलीत, रुंदी विचारलीत आणि मागवलीत कुठून? फुलं बघून! आता कुडकुडताय ना? कुडकुडा! आणि अहो तरसराव, गेल्या हिवाळ्यात 'टोचते' म्हणालात काय? कुजकं हाड चावताना काही टोचत नाही तुम्हाला! आणि अण्णा, तुम्ही! लोकरीवर तासभर बोललात. एक घोंगडी घेतली असतीत, तर तुमचा तास वाचला असता आणि माझं दुकान!"

असं म्हणून तिने शाल भिरकावली. ती अण्णांच्या शिंगात अडकली आणि टर्रकन फाटली.

ठकूबाई तडक दुकानात आली. संपलं सगळं, तिला वाटलं. पण अंग हलकं झालं होतं. तिने भावाकडे जायचं गाठोडं बांधायला घेतलं.

इकडे समिती तिथल्या तिथे बसली. या वेळी बांबूचीसुद्धा वाट बघितली नाही. अध्यक्षांचा अपमान म्हणजे पेठेचा अपमान! ठकूबाईची पदवी काढून घ्यायची तरतूद टिटवीताईला डोळे मिटून सापडली. जाहीर निषेधाचा ठराव झाला. उद्या पहाटेपासून ठकूबाईच्या दुकानासमोर धरणं धरायचं. ती माफी मागेपर्यंत कुणी उठायचं नाही.

बाळांनो, समितीने 'स्थानिक वस्तू वापरा' म्हणून फेरी काढली होती, तेव्हा अण्णा, टिटवी आणि एक भटका कुत्रा एवढेच आले होते. धरण्याला अख्खी पेठ आली. दगडी फरसबंदीवर दाटीवाटीने बसली. गवतावर दहिवर गोठलं होतं आणि बोचरं वारं सुटलं होतं.

"माफी मागा!" टिटवीताई ओरडली.

"मा-मा-मागा!" पेठेचे दात वाजत होते.

ठकूबाईने दुकानाच्या दाराची फळी उघडली. समोर सगळं गिऱ्हाईक बसलेलं. इतकं गिऱ्हाईक तिने लग्नसराईतही बघितलं नव्हतं. तिने गाठोडं पायाने मागे सारलं आणि माग चालू केला. खट्‌ खट्‌.

थोड्या वेळाने माकडीण उठली आणि पायरी चढून थेट आत आली.

"ए ठकू! काही लाजलज्जा? केवढ्याला ती काळी?"

"तुला नाही द्यायची."

"अगं जा! कशी देत नाहीस ते बघते. किंमत सांग!"

"बारा."

"बारा? दरोडेखोर! सहा!"

"सहात पायपुसणंसुद्धा येत नाही. चल, नीघ!"

ठकूबाईचे कान आनंदाने ताठ उभे राहिले होते. आवाज ऐकून तरस आला. मग सशिणी आल्या. आत एकच कालवा उठला. शेवटी माकडीण नऊ कवड्यांत काळी घोंगडी गुंडाळून बाहेर गेली, जागेवर बसली आणि सगळ्यांत मोठ्याने घोषणा द्यायला लागली. दुपारपर्यंत सतराही घोंगड्या गेल्या. संध्याकाळी पुढच्या पंधरवड्याच्या मागण्या घेऊन झाल्या.

थंडीने धरणं दोन दिवसांत मोडलं असतं. घोंगड्या होत्या म्हणून महिनाभर टिकलं. आठव्या दिवशी खुद्द गवाअण्णा आले. त्यांच्या मापाची घोंगडी होती कुठे? तीन जोडून एक करावी लागली.

"मी ही केवळ आंदोलन टिकावं म्हणून घेतोय," ते म्हणाले.

"तीनची किंमत पडेल."

"हा सरळसरळ अन्याय आहे!"

"मग बसा बाहेर गारठत."

अण्णांनी घोंगडी अंगावर घेतली. ऊब लागताच त्यांचा आवाज मऊ झाला. "तुम्ही कधी माफी मागणार आहात? तसं कळलं तर बरं पडेल."

"थंडी संपली की बघू," ठकूबाई म्हणाली.

माघात तिने आणखी एक माग मांडला. समितीने आपल्या अहवालात लिहिलं, की समितीच्या अथक प्रयत्नांमुळे स्थानिक व्यवसायाला नवी उभारी मिळाली. त्यात खोटं काही नव्हतं.

एका सकाळी साळबा आला. घसा खाकरला, काटे मिटले आणि दाराशी उभा राहिला.

"ठकूबाई, एक काम होतं. या सालात माझी एकही छत्री गेली नाही. म्हणून म्हटलं, अण्णांचा अपमान करावा. वाक्यं तयार केलीत. ऐकता?"

"ऐकव."

"अण्णा, तुमच्याबद्दल मला फार आदर आहे, पण..."

"पहिलं सगळं काढून टाक, साळबा. 'पण'च्या पुढनं सुरू कर."

साळबाने मान डोलावली. तो दोन पावलं गेला आणि लगबगीने परत आला.

"आणि टिटवीताईंच्या कानावर एवढं घाला, माझं धरणं आत्ता नको. आषाढात ठेवा म्हणावं. चांगलं लांबलचक."

तात्पर्य : आपल्या गावातल्या दुकानदाराचा आदर करू नये. आदराने दुकानं बसतात. त्याला तोंडावर नावं ठेवावीत, त्याच्या पायरीवर उभं राहून कडाकडा भांडावं, आणि भांडायला जाताना घरून पिशवी न्यावी.