सबनीसांच्या संगणकाचा पाडाव

श्रीगजवदनास नमन, वाग्देवीस नमन, आणि जिच्या कृपेने हे राज्य चालते त्या विजेसही नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहितो. पदरचे घालीत नाही, घातले तर थोडके.

राजश्री त्रिंबकराव सबनीस सरकारी चाकरीतून निवृत्त होऊन आपले घरी राज्य करीत होते, आणि त्या राज्याचे तख्त म्हणजे खिडकीजवळचा संगणक, आणि त्यात अवघी दौलत: लग्नामुंजीच्या तसबिरी, रावसाहेबांचे अर्धे आत्मचरित्र, आणि त्यांचे कुटुंब शशिकलाबाई यांच्या वडील बहीण कैलासवासी कुमुदअक्का यांचा आवाज. अक्का आजारी असता बाईंनी त्यांजकडून पाककृती वदवून ध्वनिमुद्रित केल्या होत्या, आणि अक्का पाककृती थोडी व बोलणी फार देत, म्हणोन ते ठेवणे बाईंस प्राणाहून प्रिय. मग बाई वारंवार म्हणत, "अहो, याची एक नक्कल बाहेर कुठे करून ठेवा ना." त्यावर रावसाहेब मिशीवर हात फिरवून बोलत, "बॅकअप घेतलाय. सीमधलं सारं डीमध्ये ठेवलंय. मी काय काल जन्मलो?" आणि बाई आपल्या कामास लागत, कारण सी आणि डी म्हणजे काय हे त्यांस ठाऊक नव्हते, आणि खरे पाहता रावसाहेबांसही नव्हते.

मग एके सकाळी संगणक टकटक करू लागला आणि पडदा काळा जाहला. रावसाहेबांनी त्यास बंद करून चालू केले, मग थापटले, मग दरडाविले, आणि तो कशानेच वश होईना तेव्हा यंत्रवैद्यास पाचारण केले. वैद्याने पेटी उघडोन पाहिली आणि म्हणाला, "काका, डिस्क गेली. यातून आता काही निघणार नाही." रावसाहेब निर्भयपणे वदले, "जाऊ दे. डीमध्ये सगळं आहे." तेव्हा तो म्हणाला, "अहो, सी आणि डी एकाच डिस्कवर होते. एका खोलीत मधे पडदा लावलात, आणि खोलीच पडली." हे ऐकोन बाई स्वयंपाकघरात गेल्या, गॅस बंद केला आणि पाटावर बसल्या. रावसाहेबांनी भांडणाची तयारी केली होती; त्या बंद गॅसपुढे त्यांची फौज मोडली.

मग बाईंस स्मरण जाहले, की अक्कांच्या वर्षश्राद्धास त्यांचे यजमान अच्युतराव कर्णिक यांनी आवाज मागितला होता, आणि बाईंनी शेजारणीच्या मदतीने संगणकातले सारेच एका सुट्या डिस्कवर उतरवून त्यांस दिले होते. शहाणपणाने जे जाहले नाही ते मायेने जाहले होते.

रावसाहेब तातडीने साडूंकडे गेले. अच्युतराव सकाळच्या चहास तो आवाज ऐकत असत. ते म्हणाले, "डिस्क देणार नाही. तुमच्या हाती दिलं की काय होतं ते कळलंय मला."

"मग मी तिला काय सांगू, अच्युतराव?"

"मी येतो. डिस्क माझ्याजवळ राहील."

वैद्याने नवी डिस्क बसविली, आणि उभयता साडू तख्तासमोर बसले. अच्युतरावांची सुटी डिस्क जोडली तोच पडद्यावर प्रश्न उमटला. रावसाहेबांचा जन्माचा परिपाठ की यंत्राने काही पुसले तर न वाचता 'होय' म्हणावे, आणि बोट निघाले, तोच अच्युतरावांनी मनगट धरिले.

"वाचा!"

"अहो, याला नेहमी होयच म्हणायचं असतं."

"मोठ्यानं वाचा!"

रावसाहेब वाचू लागले, "ही डिस्क पुसून कोरी करावी काय..." आणि 'कोरी' हा शब्द पुन्हा एकदा वाचिला. मग त्यांनी 'नाही' दाबिले.

मग एकेक वस्तू नव्या डिस्कवर आली, आणि बाईंनी कळ दाबिली, तो अक्का गर्जल्या, "शशे, गूळ आधी नाही गं घालायचा, किती वेळा सांगू! आणि ते त्रिंबकराव डोकावताहेत बघ, त्यांना आधी बाहेर काढ!" बाई हसता हसता रडल्या, अच्युतरावांनी चष्मा पुसला, आणि रावसाहेब खरोखरच उठोन दारापर्यंत गेले. वर्षश्राद्धानंतर लिहिलेली आत्मचरित्राची प्रकरणे मात्र गेली ती गेलीच. त्यांचा शोक रावसाहेबांखेरीज कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

हल्ली दर अमावास्येस अच्युतराव नवी नक्कल नेण्यास येतात आणि जेवून जातात. येणेप्रमाणे हकिकत. एका घरातली नक्कल ती नक्कल नव्हे. ती दुसऱ्याचे घरी असावी, आणि तो दुसरा आपणावर काडीचा भरवसा न ठेवणारा असावा. इतके लिहोन लेखणी ठेविली.