चिन्नोरात पिकलेली लेन्स

"लेन्सचं काहीही असो, मला विचारा," असं भाग्यश्रीने दहावीच्या अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं! कुडव्यात हेमेंद्रमामाचं फोटोचं दुकान. त्याने नव्या मिररलेस कॅमेऱ्याला स्टँडर्ड झूम लेन्स घेतलेली. नवरीच्या नथीपासून अख्ख्या पंगतीपर्यंत सगळं त्या एकीतच मावायचं. मामाने ती कॅमेऱ्यासकट दिवसभरासाठी दिली. धड परत आणलीस तर उद्याच्या लग्नात कॅमेरा तुझ्या हाती, असा शब्दही दिला.

भाग्यश्री थेट बोदलकशाला, मामाच्या थोरल्या बहिणीकडे, दुर्पतामावशीकडे. ह्या कॅमेऱ्यात आरसा नसतो, हे ऐकून मावशी म्हणाली, "मंग एवढा महाग काऊन?"

तिथल्या तलावाकाठी बदकं टिपताना भाग्यश्री घसरली आणि म्हशीसारखी पाण्यात बसली. कॅमेरा वाचला, लेन्स भिजली, काचेवर धुकं धरलं. पण भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! तिने लेन्स मावशीच्या चिन्नोर तांदळाच्या कोठीत खुपसली आणि निवांत जेवायला बसली.

तेवढ्यात मावशीने गिरणीवरून आलेलं नवं पोतं त्याच कोठीत रिकामं केलं.

भाग्यश्री खांद्यापर्यंत आत शिरली. आधी सापडली दोन शिताफळं, मग पळी, मग मागच्या पावसाळ्यात सुकायला ठेवलेला मावशीचा मोबाईल. शेवटी लेन्स आली, कोंड्यात घोळलेली. झूमचं कडं फिरवलं तर जात्यासारखं घरघरलं. घाबरत तिने दारातल्या मावशीचा एक फोटो काढून पाहिला. सगळं धुरकट.

कुडव्याला मामासमोर तिने सगळं एका दमात सांगितलं. मामाने लेन्स उचलली आणि नाकाला लावली.

"आई कोठीत शिताफळं पिकाले टाके," तो म्हणाला. "शाळेतून आलो का मी अन् दुर्पताबाई चोरून चाचपत राहू. हाच वास."

मग त्याने कॅमेऱ्यातला फोटो पाहिला. धुरकट उजेडात, दारात, डोक्यावर पदर घेतलेली मावशी. तो बराच वेळ पाहत राहिला.

"आईच उभी हाये जनू. कोनता फिल्टर लावला तू?"

"चिन्नोर," भाग्यश्री पुटपुटली.

तो फोटो आता दुकानात मोठा करून लावलाय. लग्नालाही मामाने तिला नेलं. कॅमेरा मात्र जुन्या लेन्ससकट त्याच्याच गळ्यात, भाग्यश्रीच्या हाती लाईटची छत्री, आणि पंगतीत भाताच्या गंजाजवळ फिरकायचं नाही अशी सक्त ताकीद!